भंगारातली रापी आणि गजराच्या घड्याळाचं चाक

मागच्या अंकात घरच्या घरी चामड्याचं काम कसं सुरू करायचं ते लिहिलं होतं आणि जाता जाता शेवटी एक ओळ टाकली होती, की हत्यारांचा सेट मागवायच्या आधी भंगारवाल्याकडे एक चक्कर मारून या. झालं, लेख राहिला बाजूला आणि सगळी पत्रं त्या एका ओळीवरच आली. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमणार नाही, जे प्रश्न परत परत आले तेवढे घेतोय.

खाली दर वेळी सांगायला नको म्हणून आधीच सांगून टाकतो. भंगारात हात घालताना स्वतःला एवढंच विचारायचं, की या हत्याराला धार लागणारे का. लागणार असेल तर पोलाद कुठलंय ते बघूनच घ्यायचं, तिथे चालवून घ्यायचं नाही. लागणार नसेल, म्हणजे नुसतं घासायचं, दाबायचं नाहीतर ठोकायचं हत्यार असेल, तर मोडक्या लाटण्यापासून क्रिकेटच्या स्टंपपर्यंत काहीही चालतं. निम्म्या लोकांचा घोळ इथेच झालाय.

प्रश्न: ऑनलाइन सेटची किंमत बघून डोळे फिरले. हॅक्सॉची (लोखंड कापायच्या करवतीची) जुनी ब्लेडं हॉस्टेलच्या वर्कशॉपमध्ये ढिगानं पडलेली असतात, त्यातलं एक घासून रापी (चामडं कापायचं-तासायचं पातं) केली. धार मस्त लागते पण दोन मिनिटांत जाते. माझं घासायचं चुकतंय का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

घासायचं नाही, ब्लेड चुकलंय. हाताच्या करवतीची जी ब्लेडं हल्ली मिळतात त्यातली बरीचशी बायमेटल असतात, म्हणजे दातांची कडा तेवढी कडक पोलादाची आणि मागचं अंग मऊसर, वाकलं तरी तुटू नये म्हणून. तू दात घासून काढलेस म्हणजे जे कामाचं होतं तेच काढून टाकलंस आणि उरलेल्या मऊ पट्टीला धार लावत बसलास. फ्लेक्सिबल लिहिलेल्या ब्लेडांचंही तसंच.

तुला पाहिजे ते पॉवर हॅक्सॉचं ब्लेड. लोखंडी सळया, शाफ्ट कापायचं मोठं मशीन असतं ना, त्याचं. बोटभर लांबीचा तुकडासुद्धा पुरतो. अख्खं ब्लेड एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) असेल असं बघ, बहुतेक वेळा ब्लेडवरच छापलेलं असतं, आणि छाप पुसला गेला असेल तर मागच्या कडेवर चांगली कानस मारून बघ, कानस नुसती घसरली तर घे, चावली तर सोड. फॅब्रिकेशनवाल्याकडे तुटलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, चहा पाजलास तर फुकट मिळतील. पुण्यात आहेस तर रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात जा, तिथे ही ब्लेडं मी स्वतः घेतलीयत, फक्त सकाळी जा, दुपारी नुसतं ऊन मिळतं.

आता करायचं कसं. एचएसएस हातानं कापलं जात नाही, कटिंग डिस्कनं दोन्ही बाजूंनी खाच पाडायची, व्हाइसमध्ये खाचेपर्यंत धरायचं, वरून जाड फडकं गुंडाळायचं आणि फटका मारायचा, काचेसारखं तुटतं. काचेसारखं म्हणजे खरंच काचेसारखं, तुकडा उडतो, त्यामुळे चष्मा घातल्याशिवाय हे करायचं नाही, साधा नंबरचा नाही, बाजूनं बंद असलेला. मग धारेचा उतार. रापीला उतार एकाच बाजूनं, दुसरी बाजू आरशासारखी सपाट. पात्याची जाडी दीड मिलिमीटर असेल तर उतार साडेपाच-सहा मिलिमीटर रुंद ठेव, म्हणजे कोन साधारण १५ अंशांच्या आसपास येतो, चामड्याची कड पातळ करायला तेवढा निमुळता लागतोच.

ग्राइंडरवर एचएसएस निळं पडलं तरी घाबरू नकोस, ते पाचशे-साडेपाचशे डिग्रीपर्यंत कडकपणा सोडत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण साध्या कार्बन पोलादाचं उलटं असतं, निळं झालं की गेलं. माझ्या पहिल्या रापीचं तेच झालं होतं, रंध्याच्या जुन्या पात्यातून करत होतो, शेवटचा कोपरा राहिला होता, म्हणलं आता कशाला पाण्यात बुडवायचं, आणि डोळ्यादेखत कोपऱ्यावर जांभळी-निळी कड चढत गेली. सहा मिलिमीटर परत मागे घासावं लागलं.

ग्राइंडरनंतर जाड काचेवर नाहीतर उरलेल्या गुळगुळीत फरशीवर वॉटर पेपर, ४०० पासून २००० पर्यंत, पाणी लावून. आणि शेवटी लाकडी पट्टीवर चामड्याचा तुकडा चिकटवून त्यावर बफिंगचा हिरवा साबण चोळून पातं मागे ओढायचं, फक्त मागे, पुढे ढकललंस तर पट्टीच कापशील. मूठ म्हणून दोन्ही बाजूंनी चामड्याचे तुकडे चिकटवून वर दोरा गुंडाळलास तरी खूप झालं. धारेचा आकार सध्या सरळ ठेव. गोलाईबद्दल कोल्हापूरचं एक पत्र आलंय, ते शेवटी वाच.

प्रश्न: जुन्या कानशीपासून कातडं कापायची सुरी केली, तासन्‌तास घासून. ओट्यावरून खाली पडली आणि दोन तुकडे. दुसरी केली, ती दाबताना टोकाशी तुटली. कानस चांगल्या पोलादाची असते असं ऐकलं होतं. (गृहिणी, नाशिक)

ताई, बरोबर ऐकलंय, पोलाद चांगलंच असतं, कार्बन भरपूर असतो, पण कानशीला दुसरं लोखंड खायचं असतं म्हणून तिला शेवटच्या टोकापर्यंत कडक करून ठेवलेलं असतं. कडक आणि ठिसूळ या सख्ख्या बहिणी. तुम्हाला थोडा कडकपणा सोडून देऊन चिवटपणा विकत घ्यायचाय, आणि त्याला भट्टी लागत नाही, केक करायचा ओटीजी पुरतो.

आधी कानशीला चिकटलेलं तेल, रंग, माती सोडा टाकलेल्या गरम पाण्यात घासून काढा नाहीतर घरभर धूर होईल. एका बाजूचे दात घासून एवढी तरी जागा चकचकीत करा, कारण तिथेच रंग दिसणार आहे. ट्रेमध्ये कोरडी वाळू पसरा, तिच्यावर कानस ठेवा, २०० डिग्री, एक तास, मग तशीच आत गार होऊ द्या, आणि परत एकदा तसंच. ओटीजीचा काटा खरं बोलेलच असं नाही म्हणून रंगावर विश्वास ठेवा, चकचकीत जागा फिकट पिवळी, गव्हाच्या काडीसारखी झाली पाहिजे. तपकिरी चालेल, निळी नको. हे सगळं घासायच्या आधी करायचं, म्हणजे मग घासणंही थोडं सोपं जातं. घासताना मात्र बादली शेजारी, बोटाला चटका बसायला लागला की बुडवायची.

आणि सगळ्याच कानशी चांगल्या नसतात बरं का, काही स्वस्तातल्या नुसत्या वरून कडक केलेल्या असतात, आत साधं लोखंड. तुमची तुटली ना? तुटलेल्या जागी बघा. सगळीकडे सारखा बारीक राखाडी रवा दिसला तर ती आतपर्यंत पोलादाची आहे, उरलेला तुकडा टाकू नका, त्यातून छोटी सुरी होईल.

गावाकडे लोहार असेल तर आणखी सोपं. त्याला म्हणायचं कानशीची सुरी ठोकून द्या आणि पाणी पाजून द्या. कोयते-विळे पाजवणाऱ्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न: सायकलच्या स्पोकची आरी (चामड्याला भोक पाडायचा टोचा) केली, दोन पदरी चामड्यात घातली की वाकते. गरम करून पाण्यात बुडवली तरी फरक नाही. (सोलापूर)

स्पोक स्टेनलेसचा असेल, त्या जातीचं स्टेनलेस तापवून बुडवून कडक होत नाही, उलट तापवल्यानं होतं तेवढंही बळ गेलं. दुसरा स्पोक घ्या, तापवू नका, आणि मुठीबाहेर जेमतेम २०-२५ मिलिमीटर ठेवा. आरी वाकते ती लांबीमुळे. हुकाची आरी, म्हणजे टोकाला खाच असलेली, दोरा ओढून घ्यायची, तिला स्पोक छान चालतो कारण तिथे खाच कानशीनं सहज पडते.

भोक पाडायच्या आरीला मात्र काँक्रीटचा खिळा नाहीतर जुनी तीन मिलिमीटरची ॲलन की. टोक गोल करू नका, चार बाजूंनी घासून बर्फीच्या तुकड्यासारखं चपटं चौकोनी करा, गोल आरी चामडं नुसतं बाजूला सारते आणि भोक परत मिटतं, चपटी आरी कापते आणि टाका तिरका छान बसतो. खिळ्यावर जस्ताचा मुलामा असेल तर तो तापवू नका, तो धूर वाईट. मूठ बाभळीची, आणि मूठ फुटू नये म्हणून तोंडाशी शेंबी (धातूचं कडं) हवी, एसीवाल्याकडे तांब्याच्या पाइपचे तुकडे पडलेले असतात, अर्धा इंच मागून घ्या.

प्रश्न: रेडिओच्या अँटेनाचे तुकडे करून भोकं पाडायचे पंच बनवले. पर्सच्या पातळ चामड्याला झकास, चपलेच्या तळाला लावला तर दुमडला. (सावंतवाडी)

अँटेना पितळेची असते हो, वर नुसतं पॉलिश. पण कल्पना मला फार आवडते, एकात एक बसणाऱ्या नळ्या म्हणजे सगळ्या मापांचा सेटच तयार मिळतो. धार बाहेरून लावा, आतून नाही, म्हणजे भोकाचं माप बदलत नाही, आणि नळीच्या बाजूला कानशीनं एक खिडकी पाडा नाहीतर चकत्या आत अडकून बसतात आणि मग सुईनं टोकरत बसा. खाली किचनमधला जुना नायलॉनचा चॉपिंग बोर्ड, दगड किंवा फरशी अजिबात नको.

तळाच्या जाड चामड्यासाठी मात्र सरळ दुकानातून पंच घ्या. माझी खटपटीची हौस कमी आहे असं कोणी म्हणणार नाही, तरी सांगतो, पोकळ पंच घरी कडक करणं हा उद्योग त्याच्या किमतीच्या मानानं परवडत नाही.

प्रश्न: टाके एकसारखे येत नाहीत. पट्टीनं मोजून खुणा करते पण वळणावर सगळं बिघडतं. काटाचमचा घासून टाक्यांचा काटा करतात असं वाचलं, करू का? (ठाणे)

काटाचमच्यानं खुणा होतील, भोकं नाही, ते स्टेनलेस मऊ असतं आणि हातोडी पडली की दात फाकतात. वळणावरही तो तितकाच अडेल. तुम्हाला चाक हवंय, आणि चाक घरातच असेल, बंद पडलेल्या गजराच्या घड्याळात.

चावीचं घड्याळ असेल तर एक काळजी घ्या, आतली स्प्रिंग गुंडाळलेली असते, ती पूर्ण सैल झाल्याशिवाय पट्टीचे स्क्रू काढू नका, ती सुटते तेव्हा हाताला जखम करते. चावी घट्ट धरून अडकण (चावीला उलटं फिरू न देणारा छोटा खटका) दाबा आणि चावी हळूहळू हातातच उलटी फिरू द्या. मग आतलं मोठंसं पितळी चाक निवडा. माझं २४ मिलिमीटर व्यासाचं निघालं, दात ६०. चोवीसला ३.१४ नं गुणलं की घेर आला ७५ मिलिमीटरच्या थोडा वर, साठांत वाटला तर एका दाताला सव्वा मिलिमीटर, एवढा बारीक टाका कोण घालणार! म्हणून तीन दातांपैकी दोन घासून टाकायचे आणि एक ठेवायचा. वीस दात उरतात आणि दोन खुणांत साधारण पावणेचार मिलिमीटर, पाकिटाला, पट्ट्याला अगदी बरोबर. त्यामुळे चाक निवडताना दात मोजा आणि तीननं भाग जातोय का बघा, नाहीतर चारनं.

घासायच्या आधी ठेवायच्या दातांना काळ्या मार्करनं ठिपका द्या. मी दिला नव्हता. मनात एक-दोन-सोड, एक-दोन-सोड म्हणत घासत होतो, मध्ये दारावर कुरिअरवाला आला, परत येऊन बसलो आणि एक राखायचा दात घासला गेला. चाक टाकवेना म्हणून तसंच वापरलं, आणि त्या वेळी शिवलेल्या बॅगेवर दर एकोणीस टाक्यांत एक टाका दुप्पट लांब आहे, मोजून बघा, बायको ती बॅग बाजाराला नेते आणि कोणाच्याही लक्षात येत नाही, पण मला लांबूनही ती चूकच तेवढी दिसते.

बसवायचं सोपं आहे. जुन्या ब्रशच्या लाकडी दांड्याला करवतीनं चीर पाडा, चीर चाकापेक्षा किंचित रुंद, आडवं भोक, त्यातून खिळा घालून दोन्ही बाजूंनी चेपून टाका. कंपासपेटीतल्या डिव्हायडरनं कडेपासून सारख्या अंतरावर एक रेघ ओढायची, चामडं थोडं ओलसर करायचं आणि त्या रेघेवर चाक फिरवायचं. वळणावर सावकाश, तिथे दाब कमी.

प्रश्न: मोठ्या खिळ्यांची डोकी घासून नक्षीचे ठसे केले, खूप सुंदर झाले. पण ओल्या चामड्यावर ठोकले की आजूबाजूला काळे-निळे ठिपके उठतात. बुरशी आहे का? (कॉलेजची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

बुरशी नाही, शाई आहे, आणि ती तूच तयार करतेयस. कोल्हापुरीचं वगैरे जे चामडं असतं ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, त्यात टॅनिन भरपूर. टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आलं की काळं होतंच, जुन्या काळची लिहायची शाई याच तत्त्वावर होती. तू ठसे घासतेस त्याच टेबलावर चामडं ओलं करत असणार, कीस डोळ्याला दिसत नाही पण बसतो. घासायची जागा वेगळी कर, हात साबणानं धू, ठसा २००० च्या पेपरनं गुळगुळीत करून कोरडा पुसून मगच ठोक. उठलेल्या ठिपक्यांवर लिंबाचा रस पाण्यात पातळ करून कापसानं लाव, फिके पडतात, मग साध्या पाण्यानं पुसून सावलीत वाळव. आधी एखाद्या चिंधीवर करून बघ.

ठशांवर लोखंडी हातोडी मारू नकोस, डोकं पसरत जातं. बाभळीच्या ओंडक्याची मोगरी कर, नाहीतर सुताराकडून घे.

प्रश्न: कड चकचकीत करायला काय वापरता? (तिघांनी विचारलंय)

मोडका स्टंप. कानशीनं चामड्याच्या जाडीची गोल खाच पाडायची, काचपेपरनं गुळगुळीत करायची, कडेला पाणी नाहीतर डिंकाचं पाणी लावून घासत बसायचं. लाटणं पण चालतं, पण घरात दुसरं लाटणं आहे ना ते आधी बघा.

पत्र: मागच्या अंकात तुम्ही रापीची धार सरळ ठेवा असं लिहिलंत. आमच्या घरात तीन पिढ्या पायताणं झाली, आजोबांच्या रापीची धार चंद्रकोरीसारखी होती. ती आजही आहे, झिजून निम्मी झालीय, गंजलीय. मुलगा म्हणतो पॉलिश करून फ्रेम करू. आणखी एक बोलतो, राग मानू नका. याच आरी-रापीमुळे आम्हाला लोक दारात उभं करत नव्हते, आता शहरात तीच हत्यारं हौसेनं करायचे क्लास निघालेत. (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, राग कसला. मी फ्लॅटच्या गॅलरीत बसून जे चार वर्षांत शिकलो त्याला हौस म्हणतात, तुमच्या आजोबांकडे होतं त्याला धंदा म्हणायचे आणि त्याची किंमत तुमच्या घरानं मोजली. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आले, तेव्हा सगळ्यांनी चपलेचं कौतुक केलं, ज्या हातांनी आणि ज्या हत्यारांनी ती होते त्यांच्याबद्दल कोणी फार बोललं नाही. मीही मागच्या अंकात रापी म्हणलं आणि ती कोणाची ते लिहिलं नाही, ते चुकलंच.

धारेचं तुमचं बरोबर आहे. सरळ धारेचे दोन्ही कोपरे चामड्यात रुततात, पट्टा पातळ करताना मध्येच खड्डा पडतो, माझे पडतात. गोल धारेला रुतायला कोपराच नाही, आणि मनगट थोडं फिरवत ढकललं की एका वेळी धारेचा थोडाच भाग चामड्याला लागतो म्हणून जोरही कमी. नवशिक्याला सरळ सांगतो ते एवढ्यासाठीच की सपाट काचेवर सरळ धार लावणं सोपं, गोल धार लावताना हात डुलवत न्यावा लागतो आणि ते यायला वेळ लागतो.

रापी ग्राइंडरला अजिबात दाखवू नका, आणि पॉलिशवाल्यालाही नको. गंजावर खोबरेल नाही, शिलाई मशीनचं तेल लावून एक रात्र ठेवा, सकाळी तांब्याच्या नाण्याच्या कडेनं नाहीतर बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं काढा. खाली काळपट राखाडी रंग निघेल, तो राहू द्या, तो गंज नाही. मूठ असेल तर ती बदलू नका, धुऊही नका. फ्रेम करायची की नाही ते मुलाला ठरवू दे, फक्त आधी एकदा धार लावून एखादा पट्टा कापून बघायला सांगा त्याला.

आणि एक मागणं आहे. रापी कागदावर ठेवून पेन्सिलीनं तिची कड गिरवून पाठवाल का? किती झिजलीय तेही दिसेल अशी, जशी आहे तशी. पॉवर हॅक्सॉचा एक तुकडा माझ्याकडे पडलाय, त्यावर पुढची धार मला तीच काढायचीय.